माझी पाठ कापडाचीच

मित्रांनो, मी एक जुनं लढाऊ विमान आहे, आणि बाकी काही सांगण्याआधी एक गोष्ट नीट ऐकून ठेवा. मी स्पिटफायर नाही. मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या या हँगरमध्ये जो येतो, तो दारातूनच ओरडतो, "ओह, स्पिटफायर!" माझं नाव हरिकेन. माझ्या पाठीला थोडा बाक आहे, पंख जाड आहेत, आणि वैमानिकाच्या बैठकीमागून शेपटापर्यंत माझ्या अंगावर पत्रा नाही, कापड आहे. लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेलं लिननचं कापड. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमच्या घराण्याला कापडाची लाज कधीच नव्हती. पहिल्या महायुद्धात इंग्लंडचं लढाऊ विमान म्हणजे लाकडाच्या काड्या, तारा आणि कापड एवढाच संसार होता. एकावर एक दोन पंख आणि नाकावर गरगर फिरणारं इंजिन. त्या इंजिनाला एरंडेल लागायचं आणि ते उडून वैमानिकाच्या तोंडावर यायचं. बिचारे लढाईला जायचे आणि वर एरंडेलही प्यायचे! पुढे वीस वर्षांत इंजिनं दांडगी झाली, सांगाडे धातूचे झाले, पण दोन पंख आणि कापड काही सुटलं नाही. मग १९३५ साली आमच्यातलं पहिलं हरिकेन उडालं. त्याला एकच सलग पंख होता, पोटात ओढून घेता येणारी चाकं होती, पंखांत आठ मशीनगन होत्या. मागची बाजू मात्र कापडाचीच. वर्ष उलटतं न उलटतं तोच स्पिटफायर आलं, नखशिखांत धातूचं आणि सडपातळ. झालं! सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

पण १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानं इंग्लंडवर चालून आली, तेव्हा आम्ही संख्येनं जास्त होतो आणि शत्रूची जास्त विमानं आम्हीच पाडली. पुस्तकं काढून बघा. कापडातून गोळी आरपार निघून जायची. खाली उतरलं की भोकावर ठिगळ लावायचं आणि पुन्हा वर. पुढे माझ्या भावंडांनी ब्रह्मदेशच्या जंगलांवरून भारतीय वैमानिकांनाही पाठीवर नेलं. मग टायफून आलं, टेम्पेस्ट आलं, शेवटी तर नाकावर फिरणारा पंखाच नसलेलं जेट आलं, त्याचं नाव मिटिऑर. घराणं पुढे गेलं याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. आमचं कापड म्हणजे चूक होती असं कुणी म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं.

माझा स्वतःचा जन्म कॅनडातला, लेक सुपीरिअरच्या काठावरच्या कारखान्यातला. तिथे पुरुषांच्या बरोबरीनं बायका राबत होत्या आणि माझं कापड त्यांनीच शिवलं. इंजिन आलं ते इथल्याच, मोटारींच्या डेट्रॉइट शहरातून. म्हणजे माझं काळीज मिशिगनचंच आहे. युद्ध संपेपर्यंत मी कॅनडाच्या किनाऱ्यावर पहारा दिला. शत्रूचं एकही विमान मी पाडलेलं नाही. हे ऐकून काहींचे चेहरे पडतात. पडू देत. रात्रभर जागणाऱ्या गुरख्याला तुम्ही किती चोर मारले म्हणून विचारता का?

युद्ध संपलं आणि मला एका शेतकऱ्यानं भंगारात उचललं. त्यानं माझं शेपटाचं चाक हातगाडीला लावलं. बैठकीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. कापड कुजलं, झडलं, आणि बर्फात माझ्या पट्ट्या उघड्या पडल्या. पस्तीस हिवाळे मी तिथे दात-ओठ खात उभा होतो.

मग या ट्रॉयच्या हौशी मंडळींनी मला ट्रेलरवर घालून आणलं. सगळे मोटारींच्या कारखान्यांतले. त्यांचा म्होरक्या वॉल्ट, जन्मभर मोटारींचे पत्रे ठोकून निवृत्त झालेला. आणि त्यांच्यात एकच मराठी माणूस, हेमचंद्र. मूळचा नागपूरचा, इथे एका मोटार कंपनीत गाड्यांच्या बॉडी डिझाइन करणारा इंजिनिअर. दर शनिवारी डब्यात पोहे घेऊन यायचा आणि माझ्या सांगाड्यात शिरून बसायचा. चार वर्षं तो मुकाट्यानं गंज खरवडत होता. मग वॉल्टनं माझी मागची अर्धी बाजू त्याच्या ताब्यात दिली, तेव्हा त्याची छाती फुगलेली मी पाहिली.

आणि त्यानंच माझा घात करायला घेतला! डेट्रॉइटच्या माणसाला कापड दिसतच नाही हो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं गाड्या सडतात, आणि सडलं की यांचा हात आपोआप पत्र्याकडे जातो. हेमचंद्रनं छानसं डिझाइन केलं. माझ्या मागच्या अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा, वर मोटारीसारखा चकचकीत रंग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वॉल्ट म्हणाला, "झकास! असं दिसेल की लोकांना स्पिटफायरच वाटेल."

शेपूट जड झालं तर काय होईल, असं एकानं विचारलंही. त्यावर वॉल्ट म्हणाला, "मग उडवायचं कशाला? फाटकाशी खांबावर चढवू. दुरून दिसेल." हेमचंद्र खाली मान घालून पत्र्यावर खुणा करत राहिला.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर छप्पर उडालं असतं. दुसऱ्याचा मुखवटा घालून खांबावर टांगून घ्यायचं? त्यापेक्षा त्या कोंबड्या काय वाईट होत्या? पत्रे कापून झाले. दिवाळीनंतरच्या शनिवारी ते रिव्हेटच्या खिळ्यांनी ठोकायचं ठरलं.

ते १९८५ साल होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाचा आकाशकंदील दरवर्षी हेमचंद्रच करायचा. बांबूच्या काड्या, वर रंगीत कागद. पण मिशिगनच्या वाऱ्यापुढे कागदाचं काय चालणार? दरवर्षी फाटायचा. या वेळी त्यानं माझ्याच पत्र्याचे उरलेले तुकडे घेतले आणि माझ्या पोटाखाली बसून ॲल्युमिनियमचा कंदील ठोकला. षटकोनी, भोकंबिकं पाडलेला, खाली पत्र्याच्या झिरमिळ्या. तो न्यायला त्याचा मित्र चारुदत्त आला. मंडळाचा अध्यक्ष, मंडळाच्या गाण्यांना तबला वाजवणारा आणि तोंडाचा फटकळ.

"अरे, हा कंदील आहे की बॉयलर?"

"यार, लाइफटाइम गॅरंटी! आता दरवर्षी रिपेअर करायची कटकट नाही."

"आणि हे साहेबाचं विमान कशाला रिपेअर करतोस? माझे वडील बेचाळीसच्या चळवळीत जेलमध्ये होते, माहितीये ना?"

हेमचंद्र नुसता हसला. मला मात्र सांगायचं होतं की चारुदत्तकाका, मी कुठल्या साहेबाचा नव्हे, मला बायकांनी शिवलंय.

तो शनिवार उजाडला. हेमचंद्र आला तो पडेल चेहऱ्यानं, आणि मागून त्याची बायको उत्तरा. ती हॉस्पिटलात डॉक्टर. हँगरमध्ये पहिल्यांदाच आली होती, आणि तिच्या हातात चेमटलेला पत्र्याचा कंदील होता. मागून चारुदत्त हसू दाबत येत होता.

"ठेव तुझा हा कंदील हँगरमध्येच," उत्तरा म्हणाली. "भाऊबीजेच्या पहाटे वारा सुटला. चारुदत्तच्या घराची पन्हळ उपटून घेऊन खाली आला, तो थेट त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर! आणि चार दिवस लावला होता, पण उजेड म्हणून पडला नाही अंगणात."

"डिझाइनमध्ये थोडा प्रॉब्लेम झाला," हेमचंद्र पुटपुटला. "पुढच्या वर्षी हुक स्ट्राँग करतो."

उत्तरा उत्तर देणार तोच तिची नजर माझ्याकडे गेली. माझ्या उघड्या पट्ट्यांवरून तिनं हात फिरवला आणि वाकून आत पाहिलं.

"अरे, हा तर कंदीलच आहे. काड्याच आहेत सगळ्या. यावर काय असतं?"

"कापड असायचं. ते फाटतं, सडतं. म्हणून आज मेटल लावतोय."

"कंदिलाचा कागदही फाटतो. म्हणून दर दिवाळीला आपण नवा चिकटवतो. चारुदत्तला ती कटकट म्हणालास होय? मला वाटायचं, तुला ते आवडतं." तिनं हातातला कंदील त्याच्या हातात दिला. "हा घे. हा फाटणार नाही."

हेमचंद्र त्या चेमटलेल्या पत्र्याकडे बघत राहिला. मग त्यानं कापून ठेवलेला एक पत्रा उचलला, माझ्या शेपटावर धरला, त्याचं वजन हातानं तोलून पाहिलं आणि खाली ठेवला. तोवर रिव्हेटची हत्यारं घेऊन वॉल्ट आणि मंडळी जमली होती.

"वॉल्ट, हे करायचं नाही," हेमचंद्र इंग्रजीत म्हणाला. "मी विमानाला मोटारीची बॉडी चढवत होतो. शेपूट जड झालं की नाक वर जातं आणि विमान कुणाचं ऐकत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मी गप्प बसलो."

वॉल्ट लाल झाला. "पत्रे कापलेत! सगळे हजर आहेत! आणि कापड काही वर्षांत सडेल, मग कोण बदलणार?"

"मी. दर दिवाळीनंतर तपासीन. सडलं तर बदलीन. आणि आज रिव्हेट मारायचेच असतील तर आधी मला बाहेर काढा."

एवढं बोलून तो माझ्या सांगाड्यात शिरला आणि आत मांडी घालून बसला! चार वर्षं सगळ्यांना हो-हो करणारा माणूस. कुणीतरी हसलं, कुणी शिवी हासडली. अमेरिकेत मिळवलेला एवढासा मान एका सकाळी जाणार हे त्याला कळत होतं. त्याचं काळीज धडधडताना माझ्या पट्ट्यांना जाणवत होतं. पण तो हलला नाही. शाब्बास रे पठ्ठ्या, असं मी मनात शंभरदा म्हणालो.

शेवटी वॉल्टनं हत्यार खाली ठेवलं. "या हिवाळ्यापुरतं. वसंत ऋतूपर्यंत कापड चढलं नाही, तर पत्रा."

मग काय सांगू मित्रांनो! उत्तरा टाके घालायला बसली. "पेशंट ओरडत नाही, बरं आहे," म्हणायची. मंडळाच्या दोन काकू आल्या, त्यांनी मेण लावलेला दोरा ओढताना अमेरिकन मंडळींना बोलणी खायला लावली. कापड चढलं की त्यावर डोप नावाचं रोगण फासतात, म्हणजे ते आवळून घट्ट बसतं. त्या वासानं सगळ्यांची डोकी उठायची. चारुदत्त येऊन माझ्या पाठीवर बोटं मारून कान लावायचा. "उतरलाय. अजून एक हात दे." तबला चढवावा तसं त्यानं मला सुरात आणलं. साहेबाचं विमान म्हणणारा हाच तो, पण मी तेवढं मनावर घेतलं नाही.

वसंत आला तेव्हा कापड चढलं होतं. पुढचं वर्ष इंजिनात गेलं, आणि १९८७ च्या जूनमध्ये मी उडालो. माझं काळीज जिथे घडवलं होतं, त्या डेट्रॉइटच्या दिशेनं ते गर्जत निघालं. शेपूट हलकं होतं, नाक ताठ होतं. खाली गवतात लोक माना वर करून उभे होते. कुणीतरी ओरडलं, "स्पिटफायर!" आणि वॉल्ट त्याच्या अंगावर खेकसला, "हरिकेन! डोळे फुटलेत का?" हे उत्तरा नंतर हँगरमध्ये हसत हसत सांगत होती, ते मी ऐकलं.

उतरताना धावपट्टीवरचा खडा उडाला आणि माझं कापड टरकन फाटलं. हेमचंद्र धावत आला. त्यानं वॉल्टकडे पाहिलं. वॉल्ट आत गेला, कापडाचा तुकडा आणि डोपचा डबा घेऊन आला आणि गुडघे टेकून स्वतः ठिगळ लावू लागला. त्याच संध्याकाळी मी पुन्हा उडालो.

पत्र्याचा कंदील इथेच आहे, त्यात आता पुसायच्या चिंध्या टाकतात. दर दिवाळीला माझ्या शेपटाखाली कागदाचा कंदील लागतो आणि दर वर्षी तो फाटतो. मग हेमचंद्र खळ करून नवा कागद चिकटवतो, आणि हात धुतले की माझं कापड इंच इंच तपासतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी, नाजूक, सारखी डागडुजी मागणारी वस्तू असेल, किंवा तसं एखादं माणूस असेल, तर त्याला पत्रा ठोकून मोकळे होऊ नका. सुई-दोरा घ्या आणि जवळ बसा. आणि या हँगरमध्ये कधी आलात, तर दारातून माझं नाव नीट घ्या. माझ्या पाठीवर एकूण सात ठिगळं आहेत, आणि त्यातलं एकही मी झाकणार नाही.