सहा नंबरची सुई

नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात हर्षाली चार वर्षं नर्स होती. तिचा हात हलका, म्हणून सुई टोचून घ्यायला पेशंट तिलाच हाक मारायचे. त्या दुपारी जेवणाआधी ती घाईघाईनं सहा नंबरच्या खाटेपाशी गेली. "मालनबाई ना?" म्हातारीनं मान हलवली. हर्षालीनं दंडात इन्सुलिन टोचलं आणि ती पुढे निघाली.

तेवढ्यात खिडकीकडून हाक आली, "सिस्टर, जेवण आलं. माझी सुई राहिली की!"

ही खरी मालनबाई. सहावरचा पंखा बिघडला म्हणून तिला सकाळीच अकरा नंबरवर हलवलं होतं.

हर्षालीनं मागे वळून सहा नंबरकडे पाहिलं. पंखा दुरुस्त झाल्यावर सहावर इगतपुरीहून आलेली भागीबाई आली होती. पोटदुखीची पेशंट, कानानं कमी ऐकणारी. तिला साखरेचा आजार नव्हता आणि सोनोग्राफीसाठी ती सकाळपासून उपाशी होती.

हर्षालीनं धावत जाऊन तिची साखर तपासली. ब्याण्णव.

"ठीक आहे की," मनाली सिस्टर, तिची सीनियर, हळूच म्हणाली. "साखरपाणी पाज आणि गप्प बस. कुणी पाहिलं नाही."

क्षणभर हर्षालीला ते पटलंसुद्धा. साखरपाण्याचा पेला तिनं म्हातारीच्या ओठांना लावला, पण मन थाऱ्यावर येईना.

"आत्ता ब्याण्णव आहे, ताई. सुईचा जोर अजून चढायचाय. एका पेल्यानं नाही भागणार."

तिनं डॉक्टर रविराजना फोन लावला. "सर, माझ्या हातून चूक झाली. चुकीच्या पेशंटला इन्सुलिन गेलं. तुम्ही वर या."

डॉक्टरांनी भराभर सांगितलं, "सोनोग्राफी थांबवा. सलाइनची सुई आत्ताच लावून ठेवा. दर पंधरा मिनिटांनी साखर बघा. आलोच."

पंधरा मिनिटांनी एक्क्याऐंशी. मग एकोणसत्तर. हर्षाली खाटेपासून दारापर्यंत जायची, परत यायची, भागीबाईचा हात चाचपून बघायची. पाऊण तासानं तो हात थंडगार, ओला लागला. म्हातारी काहीबाही बरळायला लागली. बावन्न! डॉक्टर शेजारीच होते. शीर आधीच धरलेली होती, त्यातून त्यांनी ग्लुकोज सोडलं. काही मिनिटांतच भागीबाईनं डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं.

आता तिच्या मुलाला सांगायचं होतं. "मी सांगते," डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधीच हर्षाली म्हणाली.

नवनाथ बाहेर बाकावर बसला होता. तिनं झालं ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"आईला काय झालं असतं म्हंजे?" तो ताडकन उठला. "तुम्हाला नाव इचारता येत नाय?"

"विचारलं, पण चुकीच्या पद्धतीनं. त्यांचं नाव त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं होतं."

"माझ्या आईला पुन्हा हात लावायचा नाय!"

ड्यूटी दोनला संपली होती, तरी ती थांबली. साखर आता दुसरी नर्स तपासत होती. हर्षाली दारातून नुसते आकडे विचारायची. सहा वाजता एकशे अठरा, सातला एकशे बारा. डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

मेट्रननं तिच्याकडून सगळं लिहून घेतलं. मनालीचा सल्ला हर्षालीनं त्यात लिहिला नाही. जिन्यावरून उतरताना तेवढं बरोबर केलं की नाही, हे तिला कळेना, आणि ती मधल्याच पायरीवर थांबून राहिली.