दादा जागा होता

"घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का पूर्वी?" भुलीच्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

"छे हो! उलट जरा जास्तच मानवते. हा माझा थोरला भाऊ. ॲपेंडिक्सच्या वेळची भूल उतरेचना. सकाळी आत नेला तो संध्याकाळी हलला. तेव्हापासून घरात ह्याचं नाव कुंभकर्ण."

दादा कोपऱ्यात माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. तो ओशाळं हसला. पित्ताशयातले खडे एकदाचे निघावेत, बाईंनी हो म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला तेव्हा झोप लागली होती?"

"नाही. मी जागा होतो."

"झालं ह्याचं सुरू! अहो, स्वप्न पडलं असणार."

बाईंनी मला हातानेच गप्प केलं. असा राग आला मला!

"टाके घालून झाले होते," दादा म्हणाला. "हा श्वास का घेत नाही, म्हणून सगळ्यांची धावपळ चाललेली. मला ऐकू येत होतं, पण पापणीसुद्धा हलेना. वाटलं, आता हे मला मेलेलाच समजणार." तो पिशवीचा बंद पिळत होता. "घरी सांगितलं तर सगळे हसले. मग सोडून दिलं."

"ते स्वप्न नव्हतं," बाई म्हणाल्या. "ऑपरेशनच्या सुरुवातीला अंग ढिलं करायचं एक औषध देतात. बहुतेकांच्या रक्तात ते काही मिनिटांत विरून जातं. काहींना ते विरवणारा घटक जन्मतःच कमी असतो, आईवडिलांकडूनच तसा आलेला. मग झोप उतरते, पण अंग उठत नाही. श्वाससुद्धा यंत्राने द्यावा लागतो." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावाला आहे, म्हणजे तुम्हालाही असू शकतं. आज ऑपरेशन नाही. आधी दोघांचं रक्त तपासू."

दादा एकदम म्हणाला, "म्हणजे तुम्हाला पटलं?"

"पटलं."

त्याने खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसायचं निमित्त करून डोळे पुसले. मला भडभडून आलं.

तपासणीत दोघांचाही तो घटक कमी निघाला. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. बाई म्हणाल्या, "घाबरू नका. ते औषध तुम्हाला द्यायचंच नाही. दुसरी आहेत की! पण आता तुमच्या सगळ्या नातेवाइकांना कळवा."

ऑपरेशन सुखरूप झालं. शुद्धीवर आल्यावर खाटेवर पडल्या पडल्या मी आधी बोटं हलवून बघितली. हलत होती. दाराबाहेर कुणीतरी मोठ्या आवाजात फोनवर बोलत होतं. आवाज दादाचा आहे, हे ओळखायला मला जरा वेळच लागला. आमच्या चुलतभावाला तो दटावत होता, "हसू नकोस. आधी मी काय सांगतोय ते ऐक."