न वाचताच खोडलेला शेरा

हातखंब्याच्या रस्त्यावरच्या त्या छोट्या कचेरीत दुपारचे डबे उघडले होते. दिशाच्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी होती, म्हणून ती खिडकीपाशी वेगळी बसली होती. "वास येतो गं," असं पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हसत म्हटलं होतं. पुन्हा कुणाला म्हणावं लागलं नाही.

कचेरीचं ॲप मच्छीमारांसाठी होतं. वादळाचा इशारा थेट होडीवरच्या मोबाइलवर जाई. दिशा हर्णेच्या, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या खारव्यांची, घरातली पहिली इंजिनिअर. तिनं लिहिलेला कोड तिघं जण ओळ न् ओळ तपासत. गुरुप्रसाद सरांचा कोड मात्र कुणी उघडूनही बघत नसे. तसा नियम नव्हता, रीत होती. मोठ्यांच्या कामात खोट काढू नये, आणि दिशासारखीनं तर नाहीच नाही.

तरी तिनं तो वाचला. फोन रेंजबाहेर असला तर इशारा एकदाच निघे, आणि मिळाला नाही तरी 'पोचला' अशी नोंद होई. तिनं तसा शेरा लिहिला. सरांनी तो खोडून टाकला.

"होडीवाल्यांच्या पोरी आता आम्हाला शिकवणार?" ते हसले. टीमचा प्रमुख अजिंक्य तिला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ दे. सर मोठे आहेत."

दिवाळीच्या तोंडावर वादळ उठलं. इशारा निघाला तेव्हा दिशाचा चुलता जानू खोल समुद्रात, रेंजबाहेर होता. पुढं त्याची होडी रेंजमध्ये आली, बंदर गाठण्याइतका वेळही होता. पण इशारा पुन्हा गेलाच नाही. होडी परतली नाही.

तेव्हापासून कुणाचाही मोबाइल वाजला की दिशा दचके. संध्याकाळी मासळीचा लिलाव आटोपला की जानूच्या बायकोचा, गुणवंतीकाकीचा फोन येई.

"तुझ्या त्या नकाशात बघ गो, दिसतोय काय कुठं?"

ॲपच्या नकाशावर होडीचा शेवटचा ठिपका भर पाण्यात तसाच होता. तो पुसायला कुणी धजावलं नव्हतं.

"नाय काकी."

"नीट बघितलंस?"

तो प्रश्न तिच्या कानांतून जाईना. जेवताना, काम करताना, तोच.

अखेर मालक संदेश यांनी सगळ्यांना बोलावलं. तपासणीची पद्धत ठरवायची होती. "यापुढं नव्या मुलांचा कोड गुरुप्रसाद दोनदा तपासतील," ते म्हणाले. माना डोलल्या.

दिशा उठली. "चूक नव्या मुलांची नव्हती, साहेब. प्रत्येकाचा कोड दुसऱ्यानं वाचायचा, नाव झाकून. माझाही, सरांचाही. जमत नसेल तर माझा राजीनामा घ्या."

"अगं, सरांचा अपमान होतोय," अजिंक्य पुटपुटला.

"माझी काकी अजून कुंकू लावून दारात बसते. तिला काय सांगू? सरांचा मान राखत होतो म्हणून?"

मग अजिंक्यनंच सरांचा कोड भिंतीवरच्या पडद्यावर लावला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "वाच."

चहा येईपर्यंत तशीच आणखी एक चूक सापडली. तिच्यामुळं इशारा चुकला असेल, म्हणून सकाळी निघालेल्या होड्यांना एकेक करून फोन लावले गेले.

गुरुप्रसाद सर उठून दिशापाशी आले. मग म्हणाले, "दिशा, तेव्हा तू काय लिहिलं होतंस? मी न वाचताच खोडलं होतं."

ती सांगू लागली. खोलीतलं प्रत्येक माणूस ऐकत होतं. ज्याचा जीव त्या शेऱ्यानं वाचला असता, तो मात्र आता कुणाच्या हाकेला ओ देणार नव्हता.