पत्ता अपुरा आहे

मी शिवणकाम करते आणि तोंडाने फटकळ आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. कुणी फसलं की पहिली हसणारी मीच. शेजारच्या मास्तरांना लॉटरीच्या फोनने गंडवलं, तेव्हा महिनाभर मी त्यांना 'या करोडपती' म्हणत होते.

ऑनलाइन मागवलेल्या शिलाई मशीनच्या मोटरची वाट बघत होते. मोटर आली की स्वयंपाकघरातला पसारा उचलायचा आणि स्वतःच्या गाळ्यात जायचं. सोमवारी गाळ्याची अनामत भरायची होती. तेवढ्यात मेसेज आला. पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे, लिंक उघडून पत्ता द्या आणि किरकोळ शुल्क भरा.

मनात पाल चुकचुकली, म्हणून थोरल्या बहिणीला फोन लावला. ताईला कशावर मत नाही असं होत नाही. माझ्या पडद्यांच्या रंगावरसुद्धा ती तासभर बोलते. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाली, बघ बाई, मला काय कळतंय त्यातलं.

मी कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी टाकला. चहा उकळेपर्यंत खातं साफ झालं.

तक्रार द्यायला ताईला बँकेत सोबत नेलं. ती आत यायलाच तयार होईना, दाराशी पर्स चाचपत उभी राहिली. शेवटी मीच तिला हाताला धरून आत ओढलं. तक्रार घेणाऱ्या बाईंनी माझा मेसेज वाचला, मान वर केली आणि ताईला ओळखलं.

"अहो, तुम्हालाही हाच आला होता ना, गेल्या मंगळवारी?"

ताई पर्स सावरत दाराकडे वळली.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला विचारलं, फोनवर बोलली का नाहीस.

"तू हसली असतीस," ती म्हणाली. "गल्लीभर सांगत फिरली असतीस. म्हटलं, तू एवढी हुशार, तू कशाला फसतेस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्खी बहीण माझी. पाठच्या बहिणीचं वाटोळं झालं तरी चालेल, पण हिची फजिती झाकलेली राहिली पाहिजे. आणि ती खोटं बोलत नव्हती, याचाच जास्त राग आला.

"हसले असते," मी म्हणाले. "पोट धरून हसले असते गं. पण लिंक उघडली नसती."

गाळा दुसऱ्या कुणीतरी घेतला. ताईचा फोन येतो, मी उचलते, इकडचं तिकडचं बोलते. तिला विचारत मात्र काही नाही.