गोल फ्रेमचा चष्मा

दादाला चष्मा गोलच हवा असायचा. बाबांचा तसा होता म्हणून. त्याची धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लहानपणी त्यानेच तिला ठेवलेलं ठमी हे नाव अजून घरात चालत होतं. गोल फ्रेमची खोड ठमीला चांगली ठाऊक होती. चौकोनी फ्रेममध्ये काच हलत नाही, गोल फ्रेममध्ये मात्र बसवता बसवता फिरते. दादाच्या नंबराच्या काचेला एक ठरलेली दिशा असते. ती चुकली की अक्षरांना शेपट्या फुटतात आणि डोकं धरतं. म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ठमी प्रत्येक चष्मा यंत्राखाली धरून पुन्हा तपासायची.

दादाचाही तपासला होता. उजवी काच चांगली वीस अंश फिरली होती. स्क्रू ढिला करायचा, काच जागेवर आणायची, स्क्रू आवळायचा. चहा निवायच्या आत होणारं काम. ठमीने चष्मा तसाच डबीत घातला आणि डबी वहिनीच्या हातात दिली.

मुद्दाम बिघडवला नव्हता, फक्त पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. 'येईल तक्रार घेऊन,' ती मनाशी म्हणाली होती. 'एकदा तरी माझ्या दारात येऊ दे.'

आई गेली तेव्हा दादाने तिला बोलावलं नव्हतं. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती, पेपर बुडू नयेत असं त्याने परस्पर ठरवलं आणि आईला माती देऊन झाल्यावर फोन केला. त्या दिवसापासून ठमी त्याच्याशी गरजेपुरतं बोलायची, तेही वहिनीमार्फत. चर्चमधली रविवारची उपासना मात्र तिने कधी चुकवली नाही. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला लोक पुढे येण्याआधी पाळकसाहेब सांगायचे, कोणाविषयी मनात काही असेल तर आधी समेट करा. ठमी खुशाल उठून पुढे जायची. अपराध दादाचा, तेव्हा पाऊलही त्यानेच उचलायचं. तिच्या मते यात तपासण्यासारखं काही नव्हतंच.

त्या रविवारी शास्त्रवाचनाला दादा बायबल घेऊन उभा राहिला. मंडळीत त्याच्यासारखं वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. दुसऱ्याच ओळीला तो अडखळला. पुस्तक लांब धरलं, जवळ घेतलं, एकच ओळ दोनदा वाचली.

"आज अभ्यास न करता आलाय वाटतं," मागच्या बाकावरची मावशी कुजबुजली. कोणीतरी फिसकन हसलं.

दादाने डोळे बारीक केले आणि मान एका बाजूला कलती केली. ठमीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काच फिरली होती, त्याच मापाने तो मान वळवू पाहत होता. का ते त्याला माहीत नव्हतं. त्या सभागृहात ते तिला एकटीलाच कळत होतं.

"माफ करा," पुस्तक मिटत तो म्हणाला. "पुढच्या वेळेपासून वाचन दुसऱ्या कोणाला द्या. माझे डोळे साथ देत नाहीत."

पाळकसाहेबांनी समेटाचं नेहमीचं वाक्य म्हटलं. बाकं करकरली, लोक रांगेत उभे राहू लागले. ठमी बसूनच राहिली.

"ऊठ की गं," वहिनी म्हणाली.

"वहिनी, दादाला कधीपासून दिसत नाहीये?"

"नवा चष्मा आल्यापासूनच. झोप उडालीय त्यांची. आईंचेही डोळे शेवटी गेले होते ना, तेच घेऊन बसलेत. कुणाला सांगू नको म्हणालेत."

"मग दुकानात का नाही आला?"

"मी म्हटलं होतं. तर म्हणे, ठमीने केलाय, त्यात चूक असायची नाही. दोष माझ्याच डोळ्यांत."

ठमीला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. ती उठली, रांग सोडून पहिल्या बाकाशी गेली आणि दादाचा हात धरून त्याला बाजूच्या दाराने अंगणात घेऊन आली.

"दादा, तुझे डोळे ठीक आहेत. काच फिरलीय. देतानाच मी पाहिलं होतं."

त्याने चष्म्याच्या काडीला हात लावला.

"पाहिलं होतंस आणि दिलास?"

"हो."

"आईचं उट्टं काढलंस?"

इतकी वर्षं तोंडपाठ केलेलं भाषण तिच्यापाशी होतं. त्यातलं एकही वाक्य तिने काढलं नाही.

"राग आहे अजून," ती खाली बघत म्हणाली. "पण तो उराशी धरून मी प्रभूच्या मेजाशी जात होते, आणि वर स्वतःला शहाणी समजत होते. मला माफ कर. तू काही म्हण अगर नको म्हणूस."

दादाने चष्मा काढून तिच्या हातात दिला. "त्या दिवशी फोन मी हातात घेतला होता गं," तो हळूच म्हणाला. "तुझं रडणं ऐकायची छाती झाली नाही. परीक्षेचं निमित्त बरं सापडलं."

ठमीने पर्समधला बारका स्क्रूड्रायव्हर काढला. दाराच्या चौकटीच्या उभ्या रेषेवर काच धरून ती फिरवत गेली. डोळे भरल्यामुळे रेष सारखी पुसट होत होती. दोनदा थांबून तिने ते बाहीला पुसले.

"उद्या ये. यंत्रावर नीट माप घेते."

चष्मा लावून दादाने दारातून आतल्या फळ्यावरचा गीताचा आकडा मोठ्याने वाचला. "बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तुझ्या हातूनही चुका होतात म्हणायच्या," तो म्हणाला. ठमीला हसता आलं नाही. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "चल, रांग संपत आलीय."

ते दोघे सगळ्यांच्या शेवटी उभे राहिले. मागच्या बाकावरची मावशी वळून पाहत होती. ठमीने मान वर केली नाही. पाळकसाहेबांनी भाकर पुढे केली तेव्हा तिने आपली ओंजळ कधी नव्हे इतकी खाली धरली.