धुंडीला आलेली गाडी

होळीच्या त्या दोन दिवसांत रूपसिंगला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. बंजारा तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, त्याला पाहून खाटेवरून उठणार होता, निदान अर्धवट तरी. धाकटा भाऊ नेमसिंग गप्प बसणार होता. मागच्या होळीला याच नेमसिंगनं आपल्या नातवाच्या धुंडीसाठी, म्हणजे बाळाच्या पहिल्या होळीच्या विधीसाठी, दारात नवा ट्रॅक्टर उभा केला होता आणि नंतर वर्षभर सगळ्यांचे कान किटवले होते. रूपसिंगची बायको नंदाबाई जावेच्या समोरून तिच्याकडे न बघता जाणार होती. आणि सहा महिन्यांचा नातू बादल, डोक्याला फेटा बांधून, काळ्या जर्मन गाडीच्या पुढच्या सीटवर बसणार होता. बदल्यात द्यायचं काय? नागपूरची एक फेरी. तीही द्यायची नव्हती, नुसती चुकवायची होती.

गाडी अर्थातच त्याची नव्हती. पांढरकवड्याच्या अनंत वकिलांची होती. रूपसिंग त्यांचा जुना ड्रायव्हर. वकीलसाहेब गाडी वापरायचे कमी आणि दाखवायचे जास्त. पण तिच्या तपासण्या मात्र नेमानं करायचे, कारण कोर्टाच्या बाररूममध्ये सांगायला तेही बरं वाटतं. पावसाळ्याआधी वायपर आणि ब्रेक, दिवाळीला बॅटरी, आणि होळीला, उन्हाळ्याच्या तोंडावर, एसी, कूलंट न् टायर. गाडी घेतानाच या तपासण्यांचे सगळे पैसे भरून झालेले. नागपूरच्या शोरूमचे फोन कोर्टात असताना येतात म्हणून साहेबांनी तिथं नंबरही रूपसिंगचाच देऊन ठेवलेला. होळीला गाडी सोडायची, धुळवड झाली की आणायची, असं ठरलं होतं.

रूपसिंगनं शोरूमला सांगितलं, साहेब बाहेरगावी हायत. साहेबांना सांगितलं, निघतो. आणि केळापूरच्या पलीकडे गाडी तांड्याकडे वळवली.

मिळायचं ते सगळं मिळालं. तांड्याच्या रिवाजानं पहाटे होळी पेटली, पुरुषांनी लेंगी, होळीची गाणी, गायली, सून वर्षा बादलला मांडीवर घेऊन बसली आणि वर धरलेल्या चादरीखाली मायलेकरू हसत होते. चादरीवर काठ्या वाजत होत्या. मग बादलला फेट्यासकट पुढच्या सीटवर ठेवलं. त्यानं सीट ओली केली. नेमसिंग म्हणाला, "वकिलाच्या गाडीले पहिला आहेर झाला, बाप्पा!" सगळे हसले. रूपसिंगही हसला. आपल्या ट्रॅक्टरबद्दल मात्र नेमसिंग त्या दिवशी एक शब्द बोलला नाही.

परतताना कोरड्या नाल्यात डावं पुढचं चाक एका धोंड्यावर आदळलं. जीप असती तर तिनं शिवी देऊन पुढं सोडून दिलं असतं. ही गाडी नुसती 'ठक्' म्हणाली.

"झालं का सगळं?" साहेबांनी विचारलं.

"एकदम कडक, साहेब."

चार दिवसांनी गाडी धुताना रूपसिंग खाली वाकला, तेव्हा त्याला दिसलं. टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. बाहेरून काहीच कळत नव्हतं.

त्या रात्री नंदाबाई म्हणाली, "सांगून द्या ना साहेबाले."

"काय सांगू? शोरूमात नाला हाय म्हणू काय?"

"मंग परत नेऊन आना."

"तपासनी झाली म्हनून सांगतलं मी. आता कायले नेऊन राह्यलो म्हनतीन तं?"

नंदाबाईनं अंथरूण घातलं. जावेच्या समोरून ती ज्या तोऱ्यात गेली होती, तो तोरा तिला परत द्यायचा नव्हता.

मग रूपसिंगनं स्वतःपुरता तोडगा काढला. गाडी हळू चालवायची. चैत्र संपेपर्यंत हायवेवर ट्रकही त्याला मागे टाकून जाऊ लागले. साहेब हसून म्हणायचे, "रूपसिंग, म्हातारा झालास रे." फुगा लिंबाचा संत्र्याएवढा झाला. रूपसिंग रोज वाकून बघायचा आणि रोज उठून उभा राहायचा.

मे महिन्यात साहेबांचा मुलगा साकेत आणि सून मिताली पुण्याहून आठवडाभर राहून गेले. जायच्या दिवशी नागपूरहून त्यांचं विमान होतं, आणि नेमकी त्याच दिवशी साहेबांची पुसदला तारीख. साहेब म्हणाले, "तू मला छोट्या गाडीनं पुसदला ने. मोठी साकेत चालवेल. येताना गाडी आणायला राजकुमार जाऊ दे." राजकुमार म्हणजे रूपसिंगचा मुलगा, बादलचा बाप. ट्रक चालवायचा, तेव्हा सुट्टीवर आला होता.

रूपसिंग घाईनं पुढं झाला. "साहेब, पुसदले राजकुमार नेते तुमाले. मोठी मी नेतो."

"राजकुमारला कोर्टाचं काय माहीत? माझ्या फायली कोण सांभाळणार?"

अंगणात साकेत किल्ली बोटावर फिरवत होता. रूपसिंग त्याच्याजवळ गेला. "दादा, टायरात हवा जराशी कमी वाटून राह्यली."

साकेतनं स्क्रीन लावली. चारही चाकं हिरवी. "हे बघा काका. या गाडीला काही झालं तर ती स्वतः सांगते. आणि होळीला तर तुम्हीच तपासून आणलीत ना?"

वकीलसाहेब पायरीवर उभे होते. रूपसिंगला फक्त एवढंच म्हणायचं होतं: नाही, दादा, नेलीच नव्हती. त्यानं तोंड उघडलं, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हळू जा जराशे. ऊन लय हाय."

"काका, तुमच्यासारखा गेलो तर विमान पुढच्या होळीला मिळेल!"

मिताली पुढं बसली. राजकुमार मागचं डावं दार उघडत होता, तेवढ्यात रूपसिंगनं त्याचा दंड धरला.

"उजवीकडे बस."

"काहून, बा?"

"बस म्हनलं नं."

राजकुमार हसला आणि उजवीकडे बसला. मागं बसून पट्टा लावायची सवय आपल्याकडे कोणाला आहे?

वडकीच्या अलीकडे, डांबर वितळायच्या उन्हात, ते चाक फुटलं. गाडी डावीकडे ओढली गेली, गिरकी खाऊन उलटी फिरली आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागच्या उजव्या कोपऱ्यानं आदळली. पुढच्या दोघांसाठी गाडीनं सगळं केलं. एअरबॅगचे फुगे उघडले, पट्टे आवळले. मागच्यासाठी तिला काही करता आलं नाही.

तेराव्याला अनंतराव तांड्यावर आले. रूपसिंगजवळ बसून हळूच विचारलं, "तपासणी झाली होती ना रे? होळीला?"

वर्षा चार हातांच्या अंतरावर बादलला घेऊन बसली होती. नंदाबाईनं मान वर केली नाही.

"झालती, साहेब."

अनंतरावांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे ऊनच होतं. उन्हाला कोण काय करणार?

आता शेवटचं मांडू. साकेतचं मनगट मोडलं, ते जुळलं. मितालीच्या कपाळाला टाके पडले, केसांनी झाकले जातात. अनंतरावांना विम्यातून दुसरी गाडी मिळाली, काळीच. नेमसिंगनं आपला ट्रॅक्टर आणला, भरून, चितेची लाकडं घेऊन, आणि त्याबद्दलही तो एक शब्द बोलला नाही. रूपसिंगला पाहून नायक खाटेवरून उठला, या वेळी पूर्ण.

बदल्यात द्यायचं ते भरलं राजकुमारनं. उरलेलं बादल भरतो आहे, आणि कशाचं, ते त्याला सांगणारं घरात कोणी नाही.