निळ्या कोटाच्या बाह्या

चुरगळलेलं कापड दिसलं की माझे हात शिवशिवतात. चाळीस वर्षं आमच्या लॉन्ड्रीत इस्त्री केली, त्याला इलाज नाही. पण त्या बुधवारी हात आवरले असते तर बरं झालं असतं.

आमची मुलगी माणसांची चित्रं काढते. दुकानावरची खोली तिची. तीन वर्षं ती एका मोठ्या प्रदर्शनाला चित्र पाठवत होती आणि तीन वर्षं नकाराचं पत्र येत होतं. या वेळी अर्धं झालेलं चित्र पाहूनच त्यांनी होकार कळवला. शुक्रवारी सकाळी ते न्यायला गाडी येणार होती. चित्र होतं तिच्या आईचं, म्हणजे माझ्या बायकोचं, काउंटरवर घालायच्या निळ्या सुती कोटात.

बायकोला बसवणं सोपं नव्हतं. एरवी गिऱ्हाइकांना हसवणारी बाई, पण खुर्चीत बसली की हनुवटी वर, ओठ मिटलेले, ओळखपत्राचा फोटो काढायला आल्यासारखी. आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"आई, हात बाहेर काढ ना."

"हात कशाला? चेहरा काढतेयस ना तू?"

हात दाखवायला ती लाजते. डाग काढायच्या औषधानं कातडी पांढरी पडली आहे आणि गठ्ठ्यांच्या गाठी आवळून बोटं वाकली आहेत. शेवटी मुलीनं चित्रातही हात खिशातच ठेवले. राहिल्या होत्या फक्त बाह्या. त्यासाठी आठवडाभर अंगावर राहिलेला कोट तिनं खुर्चीच्या पाठीवर अडकवला होता. कोपराच्या चुण्या तशाच होत्या. लांबून वाटायचं, बायकोच बसली आहे.

बुधवारी मुलगी रंग आणायला गेली. मी खिडकी लावायला वर गेलो आणि कोट दिसला. खाली नेला, पाणी मारलं, इस्त्री फिरवली, परत खुर्चीवर आणून ठेवला. ठेवताना खुर्चीला लावलेली चिठ्ठी वाचली. 'बाबा, कोटाला हात लावू नका.' अक्षरं मी साठीत शिकलो. माझे हात आधी पोचतात, डोळे मागून येतात.

मुलगी आली. कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्टुलावर बसली.

"छान झालीय इस्त्री," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"परत चुरगळतो ना," म्हणालो. कोट ओला करून पिळला, बोळा करून त्यावर बसलोसुद्धा.

"हा चुरगळलेला दिसतो, बाबा. घातलेला नाही दिसत."

बायको दारातून बघत होती. "जित्याची खोड आहे यांची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी रडत होते, तर यांनी माझा रुमाल इस्त्री करून आणला." तिनं कोट माझ्या खालून ओढून घेतला. "आणा इकडे. चुण्या माझ्या होत्या, मीच पाडते. उद्या दिवसभर घालते."

गुरुवारी मुलगी खाली दुकानात, मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर, कागद लावलेली फळी घेऊन बसली. बायको काउंटरशी उभी, हात खिशात. एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "वहिनी, थंडी वाजतेय का?"

पण हात खिशात ठेवून गठ्ठे बांधता येत नाहीत. दहा वाजता हॉटेलच्या चादरी आल्या आणि ती आम्हाला विसरली. बाह्या वर सारल्या, दोरी ओढली, गाठ मारली, दातानं दोरी तोडली. मध्येच मला म्हणाली, "अहो, माझ्याकडे काय बघताय, कॉलर जळेल." मुलीची पेन्सिल थांबत नव्हती.

संध्याकाळी बाह्यांना चुण्या पडल्या होत्या, पण त्या कामाच्या हातांच्या. खिशात हात घातलेल्या चित्राला त्या बसेनात.

"आई, चित्रातले खिसे पुसू का?"

"आणि तिथे काय काढशील?"

"तुला माहीत आहे."

बायको कोटाची बटणं चाचपत राहिली. "गाडी उद्याच येणार ना?"

"हो."

"मग मला काय विचारत बसलीस?"

शुक्रवारी सकाळी मुलीनं आम्हाला वर बोलावलं. चित्रातली बायको दोरी ओढत होती. ओठ किंचित उघडे, कुणावर तरी ओरडण्याच्या बेतात. कुणावर ते सांगायला नको. हात अगदी पुढे. खरी बायको चित्राच्या अगदी जवळ गेली.

"हे बोट," ती म्हणाली, "सरळ काढलंस."

"थोडंसं. तुला बरं वाटावं म्हणून."

"असल्या बोटानं गाठ बसेल का? वाकव." आणि तिनं आपला हात खिडकीच्या उजेडात धरला, मुलीचं होईपर्यंत.

गाडी गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आता करा हवी तेवढी इस्त्री."

मी कोटाला हात घातला. बायकोनं तो काढून घेतला आणि अंगात चढवला. "राहू द्या," म्हणाली, "चादरी यायची वेळ झाली."